वाण परत मागत नाहीत

३ जाने.

घंटागाडीवाल्याने आज आमची बादली तशीच परत दिली. अख्ख्या गल्लीदेखत. "ओला अलग, सुका अलग करा काकू, मंगच घेतो." त्याचंही चूक नाही म्हणा. आमच्या बादलीत काय नव्हतं? आंबलेलं वरण, दुधाच्या पिशव्या, लेकाचे, नितीनचे तुटके इअरफोन आणि आमच्या ह्यांच्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पन्न्या. पन्न्या तर इतक्या की कापसाच्या जिनिंगवरच्या सगळ्या हमालांचा खर्रा हेच खातात असं वाटावं.

बचत गटात मागे एक पोरगी येऊन सांगून गेली होती. विकत काही आणायचं नाही, घरात आहे त्यावरच भागवायचं, कचरा आपोआप अर्धा होतो. फुकटात होणाऱ्या गोष्टी मला लवकर पटतात. आजपासून तेलाचे दोन जुने डबे. स्वातीने खडूने एकावर ओ.क. लिहिलं, दुसऱ्यावर सु.क. सुनेचं अक्षर छान आहे. तिसरा महिना लागलाय तिला. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण इथेच, मलकापुरातच करायचं, असं परवा ठरलं. मी आहे ना. मला तर केव्हापासून करायचंच होतं.

५ जाने.

नारळाची शेंडी ओ.क. की सु.क.? चहाचा गाळ ओला, पण चहाची पुडी बाहेरून कागद आणि आतून चकचकीत. केस विंचरून निघालेला गुंता? दिवसभर डब्यांपुढे उभी राहून डोकं दुखायला लागलं.

स्वाती म्हणाली, "आई, जे सडते ते ओलं. सोपं आहे."
मी म्हटलं, मग खर्ऱ्याचं काय? पन्नी सडत नाही, आतला खर्रा सडतो.
हे खाटेवरून म्हणाले, "खर्रा नाही सडत. मानूस सडते."
एवढं कळतं तर सोडत का नाहीत.

८ जाने.

उन्हाळ्यात गळायला लागलेला माठ मागच्या अंगणात ठेवला. खाली शेंड्या, वर कडुनिंबाचा पाला, मग ओ.क., मग माती. खत होईल म्हणतात. अजून तरी नुसता वास होतोय.

संक्रांत आली. वाणाचं काय करावं? माळा उघडला तर वर्षानुवर्षांची वाणं अंगावर आली. प्लास्टिकच्या गाळण्या, वाट्या, साबणदाण्या. त्यात एक गुलाबी डबी दिसली. ती मीच वाटली होती तीन वर्षांपूर्वी. चार घरं फिरून वाण म्हणून माझ्याच घरी परत आली. बास. यंदा प्लास्टिक नाही. जुन्या लुगड्या-पातळांच्या पिशव्या शिवून वाटायच्या.

शेजारच्या कमलबाई: "चिंध्या वाटतं काय वं सुमन? लोकं नावं ठेवतीन."
ठेवू देत. अशीही ठेवतातच.

११ जाने.

स्वाती माहेरी, धामणगाव बढ्याला. वडिलांना ताप आहे म्हणे. चार दिवसांनी येईल.

माळ्यावरची गाठोडी काढली. भांडेवालीसाठी ठेवलेली. जुने कपडे द्यायचे आणि पातेलं घ्यायचं, आमच्याकडे हेच चालत आलंय. यंदा भांडेवालीला काही नाही. शेवटचं गाठोडं कोपऱ्यात, मागे सारलेलं. गाठ अशी घट्ट की दाताने सुटेना. कोण मारतं एवढ्या गाठी? कात्रीने कापली. आत एकच पातळ. सुती, हिरव्या चौकडीचं, लाल काठ, रुंद लाल पदर. हे माझं कधी होतं? आठवेना. नणंदेचं असेल. धुऊन धुऊन सूत असं मऊ झालंय की लोणी.

१३ जाने.

मशीन बंदच नाही. हिरव्या पातळाच्या आठ-नऊ पिशव्या निघाल्या. पदराची सगळ्यात देखणी झाली. बाकी पिवळ्याच्या, निळ्याच्या. पाठ गेली कामातून, पण जीव खूश आहे.

१८ जाने.

हळदीकुंकू झालं. बायकांना पिशव्या जाम आवडल्या! कमलबाईंनीच दोनदा उलटून-पालटून पाहिली, मग म्हणाल्या, "मले थे हिरवी दे वं." वरवट बकालची त्यांची बहीणही आली होती. मी हळदकुंकू लावत होते, स्वाती शेजारी बसून तिळगूळ आणि वाण देत होती.

एक पिशवी हातात घेऊन ती थांबली. "आई, हे कापड?"
"मायावरच्या गाठोड्यातलं. भांडेवालीले द्याचंच होतं."
"हाव का."
आणि समोरच्या बाईच्या हातात ठेवली. वाकून नमस्कार केला. पुढची घेतली, पुढचीला दिली.

रात्री जेवली नाही. मळमळतं म्हणाली. तिसऱ्या महिन्यात व्हायचंच.

२४ जाने.

धामणगावहून स्वातीच्या मावशीचा फोन. स्वाती आंघोळीला गेली होती, मीच घेतला. तब्येत विचारली, इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाल्या, "आन् सुमनताई, स्वातीले म्हना आईच्या पातयाले ऊन दाखवत जा. कसर लागते."
कोणतं पातळ?
"हिरवं चौकडीचं. माह्या बहिणीनं जाच्या आधी सोताच्या हातानं बांधून ठेवलं होतं. पोरीचं पह्यलं लेकरू त्यातच गुंडायचं म्हने."

मी हो हो म्हटलं आणि फोन ठेवला.  ओट्याला धरून उभी राहिले. ती गाठ तिच्या आईने मारली होती आणि मी कात्रीने कापली.

२५ जाने.

काही सुचत नाही.

ती बोलली का नाही? तिथल्या तिथे "आई, थांबा" म्हणाली असती तर काय झालं असतं? चार बायकांत शोभा झाली असती, झाली असती. रडली असती तर मला कळलं असतं. भांडली असती तर मी पाया पडले असते. पण तिने स्वतःच्या हाताने, वाकून नमस्कार करत, आईचं पातळ गल्लीभर वाटलं. आणि आज सकाळी काय करत होती? डब्यांवरचा खडू पुसट झाला म्हणून ओ.क., सु.क. परत गिरवत होती. मला म्हणाली, "आई, अंड्याची टरफलं चुरून टाकली तं खत चांगलं होते."

हिला राग आलाय की नाही? आला असेल तर टरफलांचं का सांगते? नसेल आला तर का नाही आला?

२७ जाने.

आज बोलायचंच ठरवलं. ती चहा टाकत होती. मी म्हटलं, "स्वाती, थे पातय..." आणि दूध उतू गेलं. ती सांडशी शोधायला लागली, मी फडकं. ओटा पुसेपर्यंत माझं अवसान गेलं.

तिनेही "काय म्हणत होत्या?" असं विचारलं नाही.

३० जाने.

रात्री जेवताना स्वाती म्हणाली, "आई, बायंतपणाले मावशीकडं जाईन म्हणते."
"काऊन? इथी ठरलं होतं ना?"
"मावशी म्हणते."

मावशी फोनवर असं काही म्हणाल्या नव्हत्या.  नितीनला बाजूला घेऊन म्हटलं, विचार रे तिला. नोकरीसाठी भुसावळला अप-डाऊन करून दमलेला असतो, तरी विचारून आला. म्हणे, "काही नाही म्हणते." काही नाही म्हणते! एवढंच आणायला दुसऱ्या खोलीत गेला होता.

ह्यांना सगळं सांगितलं. खर्ऱ्याची पन्नी उलगडली, परत गुंडाळली. मग म्हणाले, "पिशव्या वापस आन."

२ फेब्रु.

वाण परत मागत नाहीत. आईने सांगितलं होतं, सासूने सांगितलं होतं. सवाष्णीला दिलेलं परत घेतलं तर देणारीचं वाईट होतं, आणि घरात गरोदर बाई असली तर तिच्याच अंगावर येतं म्हणतात. खरं-खोटं कोण जाणे. एरवी मी हसले असते. आता हसू येत नाही. परत आणावं तरी पाप, न आणावं तरी पाप.

कमलबाईंना सगळं सांगून टाकलं. कोणाला तरी सांगणं भाग होतं. त्यांनी तोंडावर हात ठेवला. "काय करून बसली वं माय! आन् आता वाण वापस मांगतं? नोको वं बाई, पोटुशी सून हाये घरात."

मग थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "मांगू नोको. बदलून दे. एक घे, दोन दे. मंग थे मांगनं नाही होत."
होत नसेल ना? मला काही कळत नाही. पण कमलबाई म्हणतात तर म्हणतात.

त्यांच्या पिशवीत लसूण होता. तो परातीत ओतला आणि पिशवी झटकून दिली. घरभर लसणाची सालं झाली.

९ फेब्रु.

माठात अळ्या झाल्या. पांढऱ्या, वळवळणाऱ्या. झाकण उघडलं आणि किंचाळले. स्वाती धावत आली. तिने शांतपणे सुका पाला आणि राख टाकली. "ओलं जास्त झालं, आई. सुकं टाकलं की जातीन." पोटावर एक हात, दुसऱ्या हाताने काठीने ढवळत होती. मी म्हटलं, तू नको करू. "माह्यानं होते," म्हणाली.

ही पोरगी माझ्या घरची घाण ढवळते आणि मी तिला एक वाक्य बोलू शकत नाही.

१५ फेब्रु.

गल्लीत बातमी पसरली आहे की सुमनबाईच्या डोक्यावर परिणाम झाला. पिशवी घेते आणि दोन देते. कोपऱ्यावरच्या मंदाने निळ्या दोन घेतल्याच, वर म्हणे एकीला चेन लावून दे. चेन लावून दिली. शिंपिणीच्या पिशवीत मेथी होती, ती बिचारीने निवडून झाल्यावर आणून दिली. एकीच्या नवऱ्याने पिशवी मोटरसायकलला टांगून डबा नेला, तेलाचा डाग पडलाय. राख लावली, रिठा लावला. डाग फिकट झाला, गेला नाही.

तरी एक चांगलं झालं. गल्लीतल्या बायका आता बाजारात पिशवी नेतात. भाजीवाला म्हणतो, "काकू, तुमच्या मोहल्ल्यात पन्नीच खपत नाही." सगळे वाहवा करतात आणि मला लाज वाटते.

३ मार्च

पदराची सोडून सगळ्या आल्या. आठवून आठवून डोकं फिरलं. कमलबाईंच्या बहिणीलाच दिली असणार, ती सगळ्यात शेवटी उठली होती. वरवट बकालला फोन लावला. त्या म्हणाल्या, "नाही वं बाई. माहीवाली तं पिवयी हाये. आता हातातच हाये पाहा." मग पदर गेला कुठे? सगळ्यांना परत विचारलं. कोणाकडेच नाही. मी शिवली होती ना? शिवली होती. का स्वप्नात शिवली?

१२ मार्च

पिशव्या उसवल्या. तुकडे धुतले, वाळवले, जोडायला घेतले. दुपटं होईल एवढं कापड आहे. पातळ तर होणार नाही परत. नाड्यांच्या पट्ट्या कडेला लावल्या. मधोमध पदराची जागा मोकळी राहिली. तिथे काय लावावं? दोन दिवस विचार केला. शेवटी माझ्या जुन्या जांभळ्या पातळाचा तुकडा लावला, नितीनच्या वेळी बाळंतपणात नेसायचे ते. लावल्यावर वाटलं, हे काय केलं. तिच्या आईच्या मधोमध मी? उसवलं. मोकळं भोक बघवेना. परत लावलं.

मशीनचा आवाज ऐकून स्वाती दारात आली.
"काय शिवता आई?"
"पायपुसनं."
तोंडून निघून गेलं. का, ते मलाच माहीत नाही.
"बरं," म्हणाली आणि गेली. तिने हिरवा रंग पाहिला की नाही पाहिला?

४ एप्रिल

ऊन मी म्हणतंय. माठाचं झाकण उघडलं तर आत काळी भुसभुशीत माती. वास नाही, अळ्या नाहीत. मुठीत घेतली तर पावसाळ्यासारखी ओलसर लागली. स्वातीने हुंगून पाहिली आणि हसली. किती दिवसांनी. तिने थोडी मोगऱ्याला घातली, थोडी तुळशीला.

घंटागाडीवाला आता आमच्या दारात थांबतच नाही. "काकू, तुमचं तं काही निंघतच नाही."

१४ एप्रिल

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तिचा भाऊ न्यायला येणार, आणि तिथेच ती बाळंतपणाला राहणार. सहावा महिना. मी "राहा" म्हटलं नाही. कोणत्या तोंडाने म्हणू?

दुपारी ती बाहेर होती तेव्हा दुपटं घडी करून तिच्या पलंगावर ठेवलं. वर काही ठेवलं नाही, काही लिहिलं नाही. संध्याकाळी पाहिलं तर पलंगावर नव्हतं. जेवताना तिने भाकरी वाढली, ठेचा वाढला. "आई, आजूक घ्या ना." एवढंच.

१७ एप्रिल

आज गेली.

भाऊ जीप घेऊन आला होता. मी डबा दिला, स्टीलचा. जीपमध्ये बसताना तिने खांद्यावरची पिशवी पुढे घेतली. दवाखान्याची फाईल होती त्यात, पाण्याची बाटली होती. लाल पिशवी. रुंद लाल पदराची.

म्हणजे त्या दिवशीच. बायकांच्या गर्दीत, माझ्या शेजारी बसून, तिने एक बाजूला काढली होती. महिनाभर मी गल्ली पालथी घातली आणि पिशवी माझ्याच घरात होती. तिला माहीत होतं मी काय शोधते आहे. पाहत होती. का नाही बोलली? मला शिक्षा होती का ती? का मी शोधते आहे हे तिला बरं वाटत होतं?

तिने वाकून नमस्कार केला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि रडू आलं. तिलाही आलं. पण निघताना सगळ्याच रडतात, त्यावरून काय समजायचं.

जीप गेल्यावर घरात येऊन तिची खोली पाहिली. दुपटं नेलं का? कपाटात नाही. पेटीत नाही. गादीखाली नाही. शेवटी, देवा, सु.क. पण उपसला. त्यात नुसत्या ह्यांच्या पन्न्या.

संध्याकाळी फोन आला. "पोचली, आई." बाबांचं कसं आहे, उन्हाचं कसं आहे, बोलणं झालं. म्हणाली, "माठ हालवत जा." मी हो म्हटलं.   आता ती फोन ठेवते असं वाटलं.

मग म्हणाली, "आई, भांडेवाली आली तं मायावरचं काही देऊ नका."

फोन ठेवला. स्टूल घेतलं. हे ओरडले, पडशीन. चढले. माळा रिकामाच होता, मीच रिकामा केलेला. आणि अगदी मागे, त्याच कोपऱ्यात, एक गाठोडं. नवीन. माझ्या जांभळ्या पातळाच्या उरलेल्या तुकड्यात बांधलेलं.

बाळासाठी नेलं नाही, म्हणजे तिला ते नकोच होतं? का लेकरू घेऊन इथेच यायचं आहे म्हणून ठेवलं? का आत दुपटं नाहीच, दुसरंच काही आहे?

हाताने चाचपलं. मऊ आहे. गाठ चांगली घट्ट मारली आहे, तशीच. सोडली नाही. खाली उतरले आणि ह्यांना म्हटलं, उद्या उन्हात टाकायला मला ते गाठोडं काढून द्या, बांधलेलंच.